तळाचा साका

ता. ४ ऑगस्ट १९३८, गुरुवार

नथूच्या कपाळाला चार टाके पडले. मी मारलं म्हणतात. टिकावाच्या दांड्याने. मला काही आठवत नाही.

आठवतं ते एवढंच — सोमवारी कालव्यातला गाळ काढायचं काम चाललं होतं, पाऊस मरणाचा, जेवायचे दोन वाजून गेलेले, आणि हा नथू फावड्याला टेकून निवांत तंबाखू मळत उभा. त्यापुढचं नाही. भानावर आलो तेव्हा कोणीतरी तोंडात साखर कोंबत होतं आणि मी चिखलात बसलो होतो, घामाने निथळत. वलवणच्या धरणावर अकरा वर्षं मुकादम आहे मी. टोळीवर कधी हात उचलला नाही असं नाही. मुकादम म्हणजे काय कीर्तनकार? पण रक्त नव्हतं काढलं कधी कोणाचं.

आज लोणावळ्याला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी धरणावरच्या साहेबाला चिठ्ठी लिहून दिली आणि मला नीट समजावलं. मधुमेहाला मी दोन वेळची सुई घेतो. सुई घेऊन जेवायला उशीर झाला की अंगातली साखर एकदम उतरते. घाम फुटतो, कापरं भरतं, माणूस बेभान होतो, मारतोसुद्धा. म्हणाले, "तो तुम्ही नव्हताच, मुकादम. ती सुई होती." हे वाक्य मी वाटभर घोळवत आलो. साहेबाने नोकरी ठेवली. नथूनेच उलटे हात जोडले, म्हणाला, आबा, तुमचा काय दोस.

उद्यापासून नवीन औषध. दिवसाला एकच सुई, सकाळी. साखर सावकाश उतरवते, दगा देत नाही म्हणे. रोज लघवीचे आठ थेंब निळ्या पाण्यात टाकून नळी स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची. निळीच राहिली तर साखर नाही. मग हिरवी, पिवळी, शेंदरी — आणि सगळ्यात वाईट विटकरी. रंगाची चिठ्ठी दवाखान्यात धाडायची. आणि मी कधी भडकलो की घरच्यांनी लगेच साखरपाणी पाजायचं.

चिठ्ठी त्यांची, वही माझी. हिच्यात कोणी डोकं घालायचं नाही.

ता. ५ ऑगस्ट, शुक्रवार. नळी हिरवी.

मी धरणावर पाणी मोजायला गेलो होतो तेवढ्यात हमीद कंपाउंडर येऊन नवी बाटली देऊन गेला. सुई माझी बायको कस्तुरा देते, म्हणून तिलाच शिकवून गेला. घरी येऊन बघतो तर बाटलीत दुधाळ पाणी! गढूळ! जुनं औषध कसं स्वच्छ असायचं, आरपार दिसायचं.

कस्तुरा म्हणाली, हमीदभाईंनी सांगितलंय, बाटली तळव्यात धरून वळायची, वात वळतो तशी, सगळं एक झालं की मग ओढायची.

आता मला हिने पाण्याचं शिकवायचं! अकरा वर्षं धरणाचं पाणी बघतोय. गढूळ पाणी ढवळायचं नसतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. पावसाळ्यात आपण तुरटी फिरवतो, साका तळाला बसू देतो आणि वरचं निवळ पितो. मग अंगात घालायचं औषध ढवळून घालू? मी म्हटलं, वाटेत हिंदकळलंय, निवळू दे. ती पुन्हा म्हणाली, पर हमीदभाई म्हनला — तेवढ्यात एक वाजवली मी तिच्या. तिने बाटली माझ्यासमोर ठेवली.

बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून फळीवर उभी ठेवायला लावली. हलवायची नाही, उलटी करायची नाही, लांब सुई वरून घालून निवळ तेवढंच ओढायचं. तासाभरात साका खाली बसला, वर पाणी लख्ख. मग घेतली सुई. काही दुखलं नाही.

ता. ७ ऑगस्ट, रविवार. नळी पिवळी.

डॉक्टरांनी माझा भात बंद केलाय, गूळ बंद केलाय, भाकरी मोजून दोन. मी काय तुरुंगात आहे? पोटात नुसता खड्डा पडलाय. दुपारी ताटात त्या दोन भाकऱ्या आणि पालेभाजी बघितली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ताट भिरकावलं. कस्तुराच्या कानाला कड लागली, रक्त आलं.

ती पळत आत गेली. मला वाटलं लपली. तर पेलाभर साखरपाणी घेऊन आली! धावताना निम्मं सांडलं. कानावर पदर धरून म्हणाली, प्या, सुई चडलीया तुमाला.

प्यालो. दोन पेले. काय गोड लागलं! चिखलातली ती मूठभर साखर सोडली तर सहा महिन्यांत जिभेला गोड लागलं नव्हतं. डोकं शांत झालं. म्हणजे सुईच चढली होती. नवी सुईही दगा देते तर.

ता. ८ ऑगस्ट, सोमवार. पिवळी. तहान फार.

ता. १० ऑगस्ट, बुधवार. नळी शेंदरी.

शेजारची शालूबाई विहिरीवर कस्तुराला विचारत होती, कानाला काय झालं. मी कुडाआड उभा. वाटलं आता सगळी रड सांगणार ही. तर म्हणाली, "ते न्हाई मारत गं. सुई मारती. डाक्टरच म्हनलं." शालूबाई म्हणाली, बया, मग देवाचं काहीतरी करा.

बरं वाटलं मला. बायको असावी तर अशी. झाकली मूठ राहिली.

ता. १२ ऑगस्ट, शुक्रवार. शेंदरी.

धरणावर भिमाजीने पाण्याची पट्टी चुकीची वाचली. दोन फूट चूक! एरवी त्याचं थोबाड रंगवलं असतं. पण साहेब छत्री घेऊन मागेच उभा होता. गिळलं. दात खाऊन दात दुखायला लागले.

घरी आलो तर चूल थंड. लाकडं ओली होती म्हणे. तेच ओलं लाकूड घेतलं आणि पाठीत दोन घातली. साखरपाणी आलं. प्यालो.

ता. १३ ऑगस्ट, शनिवार. शेंदरी.

एक लिहून ठेवतो. आज राग आला तेव्हा मारायच्या आधीच माझं लक्ष साखरेच्या डब्याकडे गेलं. असं का व्हावं कळत नाही. सुईचा परिणाम असणार.

ता. १५ ऑगस्ट, सोमवार. नळी विटकरी!

पहिल्यांदा विटकरी. नळीत जणू कौल कुटून टाकलंय.

श्रावणी सोमवार. कस्तुराचा उपास. तिने स्वतःपुरती वरई शिजवली होती. मी म्हटलं, मला दे. ती म्हणाली, तुमाला भातासारखंच हाय ते, चालत न्हाई. मी म्हटलं, माझ्या घरातलं मला चालतं की नाही तू ठरवणार? वाडगं ओढलं. तिने सोडलं नाही. कधी नव्हे ते सोडलं नाही! म्हणाली, डाक्टरनं माज्यावर सोपिवलंय तुमाला. जात्याचा खुंटा हाताशी होता.

आवाज आला. वाळलेली कारवी मोडते तसा. डाव्या मनगटाच्या वर.

ती खाली बसली. मग उजव्या हाताने साखरेचा डबा ओढून पाण्यात साखर घालायला लागली. मोडका हात मांडीवर टाकलेला, आणि उजव्या हाताने ढवळतेय. मी म्हटलं, राहू दे. तरी ढवळत होती. मी प्यालो. काय करणार?

मी नव्हतो तो. डॉक्टरच म्हणालेत.

ता. १६ ऑगस्ट, मंगळवार. विटकरी.

हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. त्याला सांगितलं, पावसात पाय घसरला. सकाळी सुई तिने एका हाताने दिली. पिचकारी उकळली एका हाताने, बाटली गुडघ्यात धरली — न हलवता, मी सांगितलं होतं तशीच. सुई टोचताना माझ्याकडे बघत नाही. हल्ली मीही दुसरीकडे बघतो.

ता. १८ ऑगस्ट, गुरुवार. विटकरी.

दत्तोबा आला होता, कस्तुराचा भाऊ, बेडशाहून. कोणी निरोप धाडला कोण जाणे! शालूबाईच असणार, कळलावी. आला तो पायसुद्धा न धुता बहिणीच्या हाताकडे बघत उभा राहिला. मी त्याला सगळं समजावलं. मधुमेह, सुई, साखर उतरणं, डॉक्टरांची चिठ्ठी. शांतपणे समजावलं.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दाजी, धरणाव सायेबाम्होरं कशी न्हाई चडत ही सुई?"

कोयता आढ्याला खोचलेला होता. काढला. म्हटलं, पुन्हा बोल. तोही काही भ्याला नाही, पावसात अंगणात उतरून उभा राहिला, म्हणाला या. कस्तुरा मध्ये आली नसती तर आज एक मुडदा पडला असता. बहुतेक माझाच. धोतर आता कमरेला राहत नाही, दंड काटकुळे झालेत. कोयता धरून हात दुखायला लागला होता. कोणाला दिसलं नाही एवढं बरं.

त्याने तिला म्हटलं, चल. ती म्हणाली, "म्या गेल्याव सुई कोन देनार?" आणि गेली नाही. तो उपाशी परत गेला. मी जिंकलो खरा, पण तिचं बोलणं दिवसभर डोक्यात राहिलं. माझ्यासाठी राहते असं नाही म्हणाली. सुईसाठी म्हणाली.

ता. १९ ऑगस्ट, शुक्रवार. विटकरी. साहेबासमोर चढत नाही कारण धरणावर मी वेळेवर जेवतो. हे दत्तोबाला सांगायला हवं होतं. सुचलंच नाही.

ता. २१ ऑगस्ट, रविवार. विटकरी.

तांब्यावर तांबे पाणी पितोय आणि तितक्याच वेळा परसात जातोय. अंगठ्याची जखम चिघळलीय. डोळ्यांपुढे धुकं. रोज सुई घेतोय, वेळेवर घेतोय, मग हा रोग कमी का होत नाही?

कस्तुराने भाकर डाव्या हाताशिवाय थापली. एका बाजूला जाड, एका बाजूला करपलेली. मी ती तिच्या तोंडावर मारली. साखरपाणी. आता ती सुई चढली असंही म्हणत नाही. पेला ठेवते आणि परसात जाते.

ता. २४ ऑगस्ट, बुधवार. विटकरी. कुत्र्याला लाथ घातली. ते तरी उलटून चावलं.

ता. २५ ऑगस्ट, गुरुवार. विटकरी.

आज पोळा. बैल नाही घरी, पण शालूबाईने पुरणपोळ्या दिल्या. कस्तुराने त्या शिंक्यावर ठेवल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाली, घ्या, हानामारी करून घेन्यापरीस तशाच घ्या. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. तीन खाल्ल्या. मारलं नाही.

ता. २७ ऑगस्ट, शनिवार. नळी विटकरी.

सगळं सावकाश लिहितो. हात थांबत नाहीये.

रंगाच्या चिठ्ठ्या बघून डॉक्टरांनी हमीदला धाडलं. हा एवढी सुई घेतो तर रोज विटकरी कशी, बघून ये म्हणून. हमीद म्हणाला, वहिनी, माझ्यासमोर सुई द्या. कस्तुराने फळीवरची बाटली हळूच उतरवली, गुडघ्यात उभी धरली आणि वरून सुई घातली.

हमीद म्हणाला, थांबा. त्याने बाटली घेऊन उजेडात धरली. तळाला बोटाच्या पेरभर पांढरा साका, खळीसारखा, आणि वर थोडंसं निवळ पाणी. नखाने काचेवर साक्याची रेघ दाखवली. मग मला म्हणाला, "मुकादम, औषध सगळं हे खाली बसलंय. तीन आठवडे तुम्ही नुसतं पाणी टोचून घेतलंत."

माझा हात उठला. कस्तुरावरच उठला. हमीदने हिला शिकवलं, आणि हिने मला मारायला काढलं! हात हमीदने हवेतच धरला. मी ओरडलो, सांगायला काय झालं होतं हिला? ती म्हणाली, सांगितलं व्हतं. एवढंच. तिला पुढे बोलायची गरजच नव्हती. पाच तारखेला वहीत मीच लिहून ठेवलंय.

हमीद भला माणूस. त्याला वाटलं, वातावरण हलकं करावं. ही बाटली आता वापरू नका, तळाचं एकदम अंगात गेलं तर जीव जाईल, म्हणाला, आणि ती खिशात घालून नवी काढली. मग हसून म्हणाला, एक मात्र बरं, एवढे दिवस साखर उतरायची भीतीच नव्हती तुम्हाला.

कस्तुराने मान वर केली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिचे डोळे नीट बघितले मी. तिने हमीदला विचारलं, "म्हंजी सुई चडलीच न्हाई कदी?"

"चढायला त्या पाण्यात होतं काय, वहिनी?"

ती कामट्या बांधलेल्या हाताकडे बघत राहिली. नंतर माझ्याकडे. मी भिंतीकडे बघत होतो. हमीदने तिला बाटली तळव्यात वळून दाखवली, तिला एका हाताने जमेना, म्हणून मला वळायला लावली. मी वळली. दूध झालं. त्यानेच टोचली आज.

तो गेल्यावर मी वाट बघत होतो, ही आता रडेल, शिव्या देईल, भांडेल. तिने भांडी घासली एका हाताने.

ता. २८ ऑगस्ट, रविवार. नळी विटकरी.

आज हरतालिका. बायका नवऱ्यासाठी कडक उपास करतात. पाणीसुद्धा पीत नाहीत. कस्तुराही करायची, लग्न झाल्यापासून एक चुकवला नव्हता.

आज तिने सकाळी भाकर केली, माझ्यासमोर बसून पोटभर खाल्ली, वर तांब्याभर पाणी प्याली. मग गाठोडं घेतलं.

मी दारात आडवा उभा राहिलो. हात नाही उचलला. म्हटलं, कुठं? म्हणाली, गाडीनं कामशेत, तितनं चालत बेडसं. म्हटलं, आता औषध बरोबर सुरू झालंय, आता मी बरा होईन. म्हटलं, तो रोग होता. म्हटलं, मला सुई कोण देणार? हे शेवटचं मी म्हणायला नको होतं.

ती म्हणाली, "आता सुई आन तुमी, दोगंच ऱ्हावा हितं."

बाजूला झालो मी. धक्का देऊन गेली असती तर बरं झालं असतं. पदरसुद्धा न लागू देता गेली. आत आलो तर साखरेचा डबा नेहमीच्या फळीवर नाही. खाली, माझ्या अंथरुणाशी, झाकण सैल करून ठेवलेला.

तो डबा भिंतीवर मारायला उचलला. ठेवून दिला.

ता. २९ ऑगस्ट, सोमवार. शेंदरी. घरोघर गणपती. इथे नाही आणला. स्वतःच्या मांडीत सुई टोचली. दोनदा वाकडी गेली. रक्त आलं.

ता. ३० ऑगस्ट, मंगळवार. हिरवी. भाकर जमत नाही. पिठाचा गोळा तव्यावर तसाच सोडला.

ता. ३१ ऑगस्ट, बुधवार. नळी निळी.

दुपारी चढली. खरी.

सकाळी सुई घेतली, जेवण काही नीट केलं नव्हतं. आधी ओठ बधिर झाले. मग घाम — डोक्यातून, पोटऱ्यांतून, सगळीकडून. एकाच्या दोन भिंती दिसायला लागल्या. उठायला गेलो तर गुडघे लटपटले, पडलो. हाक मारायची होती, कस्तुराला, तर जीभ वळेना. शेणाच्या जमिनीवर सरपटत अंथरुणापर्यंत गेलो. झाकण सैल होतं म्हणून. घट्ट असतं तर उघडलं नसतं. साखर मुठीने तोंडात कोंबली, निम्मी गळ्यावर सांडली.

मग तिथेच पडून राहिलो. मुंग्या आल्या साखरेला. ह्या हातांनी माशी मारवली नसती. खुंटा कसला उचलतो!

ता. १ सप्टेंबर, गुरुवार. नळी निळी.

वही पहिल्या पानापासून वाचली. पहिल्याच ओळीपाशी खोटं लिहिलंय.

नथूला मारलं तेव्हा घाम नव्हता, कापरं नव्हतं. हात घट्ट होते. घाम नंतर फुटला, रक्त बघून. दांडा उचलताना तो म्हणाला होता, आबा, नगं. मला आठवतं.